झोप लागता लागता छाती का धडधडते?



तुमच्यातले बरेच जण आपला पॉडकास्ट रात्री ऐकतात. दिवे घालवलेले, बाजूला रूममेट घोरतोय आणि एका कानात इयरफोन. आजचा भाग खास त्यांच्यासाठी. ऐकता ऐकता झोप लागली तर फारच छान, म्हणून तर सगळा भाग इथे लिहून ठेवलाय. राहिलेलं सकाळी चहासोबत वाचा.

तर विषय असा. दिवसभर तुम्ही ठीक असता. ऑफिस, कॉलेज, जेवण, रील्स, सगळं नीट चाललेलं असतं. रात्री अंथरुणावर पडता, डोळे मिटतात, जरा गुंगी येते आणि तेवढ्यात छातीत धस्स होतं. ठोके वाढतात. श्वास पुरत नाही असं वाटतं. हातापायांना मुंग्या येतात. डोक्यात एकच वाक्य फिरत राहतं: ‘मला काहीतरी होतंय. झोपलो तर उठणारच नाही.’ झोप उडते ती उडतेच. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली की पोटात गोळा येतो, कारण आता पुन्हा रात्र येणार.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा २८ वर्षांचा मुलगा आहे. पण या प्रकारातून मी स्वतः जवळपास वर्षभर गेलोय आणि एका सायकॉलॉजिस्टकडे जाऊन त्यातून बाहेर यायला शिकलोय. इंजिनिअरला एक खोड असते, गोष्ट आतून चालते कशी हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. त्यामुळे वाचलंही बरंच. त्या सगळ्यातून एक मुद्दा तुमच्यापर्यंत पोहोचवायचाय: ही धडधड बहुतेक वेळा खोटा अलार्म असते, आणि आपण त्याच्याशी जितकं झगडतो तितका तो जोरात वाजतो. बाकी सगळं या एका मुद्द्याचं स्पष्टीकरण आहे.

शरीरात नेमकं होतं काय?

समजा रात्री उशिरा तुम्ही गल्लीतून चाललाय आणि अचानक कुत्रं अंगावर धावून आलं. विचार करायला वेळ नसतो. शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनालिन सोडतं. हृदय जोरात पळायला लागतं, कारण पायांच्या मोठ्या स्नायूंना रक्त हवंय. श्वास वाढतो. घाम येतो, म्हणजे पळताना अंग तापू नये. हे सगळं तुम्हाला वाचवण्यासाठी आहे आणि त्या वेळी कोणालाच त्याची भीती वाटत नाही. भीती कुत्र्याची असते.

आता हेच सगळं अंथरुणात झालं तर? कुत्रं कुठेच नाही. पण मेंदूला कारण हवं असतं. बाहेर धोका सापडला नाही की तो आत शोधतो आणि बोट ठेवतो हृदयावर. ‘एवढं धडधडतंय म्हणजे हार्ट अटॅकच असणार.’ या विचाराने भीती वाढते, भीतीने आणखी अ‍ॅड्रेनालिन येतं, त्याने ठोके आणखी वाढतात, आणि वाढलेले ठोके बघून मेंदू म्हणतो, ‘बघ, म्हटलं नव्हतं?’

हे चक्र मी शोधून काढलेलं नाही. डेव्हिड क्लार्क नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिक अटॅकची ही मांडणी केली. शरीरातल्या साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावला जातो आणि तो अर्थच अटॅक पेटवत राहतो, हे त्याचं म्हणणं. पॅनिकसाठीची आजची थेरपी बरीचशी या मांडणीवर उभी आहे.

सॉफ्टवेअरमधल्या लोकांना हे लगेच कळेल. सर्व्हरवर नजर ठेवायला आपण अलर्ट लावतो. कधी कधी रात्री २ वाजता फोन खणखणतो, धावत लॅपटॉप उघडावा तर सर्व्हर ठणठणीत. अलर्टची मर्यादाच फार खाली लावलेली असते. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की अलर्ट खोटा असला तरी फोन खराच वाजतो. पॅनिकचंही तसंच. तुमचे ठोके खरे, घाम खरा, भीतीही खरी. ‘हे सगळं तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं कोणी म्हणालं तर ते अर्धवट आहे. खोटा आहे तो फक्त धोका.

दोन गोष्टी अजून. एक, मुंग्या आणि ‘श्वास पुरत नाही’ हे बहुतेकदा श्वास कमी पडल्यामुळे होत नाही, जास्त घेतल्यामुळे होतं. घाबरून भराभर श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो. त्याने डोकं हलकं वाटतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, आणि हवा कमी पडतेय असा भास होतो. माणूस मग अजून मोठे श्वास ओढतो आणि प्रकार वाढतो.

दुसरी गोष्ट, पॅनिक अटॅक काही मिनिटांत टोकाला जातो, साधारण १० मिनिटांच्या आत, आणि मग उतरायला लागतो. शरीराला तो जोर तासन्‌तास धरून ठेवता येत नाही. रात्रभर चाललाय असं वाटतं तेव्हा बहुतेकदा लाटा येऊन जात असतात आणि मधल्या वेळेत आपण पुढच्या लाटेची वाट बघत असतो.

मग झोपतानाच का?

याची तीन कारणं मला पटली.

पहिलं, शांतता. दिवसा हृदय असंच कमीजास्त होत असतं. जिना चढलात, बॉसचा मेसेज आला, बस पकडायला पळालात. पण लक्ष दुसरीकडे असतं. रात्री मात्र ऐकायला दुसरं काहीच नसतं. कुशीवर झोपून कान उशीला टेकला की स्वतःची नाडी ऐकू येते. आवाज वाढलेला नसतो, खोली गप्प झालेली असते.

दुसरं, झटका. गुंगी येत असताना पाय एकदम उडतो किंवा जिन्यावरून पडल्यासारखं वाटतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. याला हिप्निक जर्क म्हणतात. जागेपणातून झोपेत जाताना स्नायू असे आचके देतात. अगदी सर्रास होणारी, निरुपद्रवी गोष्ट आहे. जागरण, ताण आणि कॉफी जास्त झाली की आचकेही जास्त. बाकीचे लोक कूस बदलून झोपतात. आधीच घाबरलेल्या माणसाला मात्र वाटतं, ‘आत्ता हृदय थांबलं होतं!’ आणि चक्र सुरू.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. अँग्झायटी असलेल्या माणसाच्या डोक्यात एक वॉचमन बसलेला असतो. तो सतत फेऱ्या मारतो: ठोके ठीक आहेत ना, श्वास चालू आहे ना, घरचे बरे आहेत ना. झोप लागणे म्हणजे त्या वॉचमनची ड्युटी संपणे. पण त्याला वाटतं, मी डोळा लावला आणि काही झालं तर? म्हणून बरोबर झोपेच्या उंबऱ्यावर तो शिट्टी वाजवतो. त्याचा हेतू वाईट नसतो. फक्त त्याला कोणी सांगितलेलं नसतं की बिल्डिंगला काही झालेलं नाही.

काही जणांना गाढ झोपेतून पॅनिकने जाग येते. त्याचाही स्वप्नांशी संबंध असतोच असं नाही. असे अटॅक साधारणपणे स्वप्नं पडण्याच्या झोपेत येत नाहीत, झोप हलक्या टप्प्यातून गाढ टप्प्यात जात असताना येतात. स्लीप पॅरालिसिस हा आणखी वेगळा प्रकार. जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर दाब वाटतो, खोलीत कोणीतरी आहे असं वाटतं. गावाकडे ‘छातीवर भूत बसलं’ म्हणतात ते बहुधा हेच. स्वप्नाच्या झोपेत शरीर स्नायू सैल करून ठेवतं. मेंदू आधी जागा झाला आणि स्नायू मागे राहिले की असं होतं. काही सेकंद ते काही मिनिटं, आणि सुटतं.

माझ्या बाबतीत काय झालं

हिंजवडीजवळ आम्ही तिघं एका फ्लॅटमध्ये राहायचो. रिलीजचे आठवडे चालू होते, क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे कॉल रात्री ११ पर्यंत चालायचे. एका रात्री डोळा लागता लागता ठोके इतके वाढले की रूममेटला उठवलं. तो लातूरचा, फार न बोलणारा. ‘चल,’ म्हणाला आणि बाइक काढली. हॉस्पिटलमध्ये ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, ‘टेन्शन कमी घ्या.’

ईसीजी नॉर्मल आला याचा आनंद साधारण दोन दिवस टिकला. तिसऱ्या रात्री मेंदूने नवीन प्रश्न काढला: ‘तेव्हा नॉर्मल होता, पण आत्ता?’ पुढचे काही महिने माझी संध्याकाळ या प्रश्नात जायची. मनगटावरच्या घड्याळात पल्स बघायचो, १० मिनिटांनी परत बघायचो. रात्री आईला फोन करून इकडचं तिकडचं बोलत बसायचो. ती विचारायची, ‘अरे, एवढ्या रात्री? जेवलास ना नीट?’ मी म्हणायचो, ‘हो गं, सहज केला.’ खरं तर मला फोन ठेवायची भीती वाटायची.

सायकॉलॉजिस्ट ताईंनी पहिल्याच सेशनमध्ये एक गोष्ट दाखवली. त्यांनी मला जागेवरच एक मिनिट भराभर श्वास घ्यायला लावला. मुंग्या आल्या, डोकं गरगरलं, छाती धडधडली. सगळं हुबेहूब रात्रीसारखं. मग नेहमीसारखा श्वास घ्यायला सांगितलं आणि दोन-तीन मिनिटांत सगळं उतरलं. त्या म्हणाल्या, ‘बघितलंस? बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. हार्ट अटॅक असा चालू-बंद होत नाही.’ (हा प्रयोग घरी एकट्याने करू नका, विशेषतः दमा, फिट्स किंवा हृदयाचा त्रास असेल तर.)

भूक लागते, तहान लागते, झोप लागते

आपली भाषा एक गंमत सांगते. आपण ‘मी जेवलो’ म्हणतो, कारण जेवण आपण करतो. पण झोपेबद्दल म्हणतो ‘मला झोप लागली’. भूक लागते, तहान लागते, तशी झोप लागते. ती आपण करायची गोष्टच नाही. अंथरुणात पडणं आपल्या हातात, झोप लागणं नाही.

विज्ञानही हेच सांगतं. आलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने १९८२ मध्ये झोपेचं मॉडेल मांडलं, ते आजही वापरतात. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, झोपेचा दाब. जितका वेळ जागे, तितका तो साठत जातो, भुकेसारखाच. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठतं, त्याचा यात मोठा वाटा. दोन, शरीराचं आतलं घड्याळ, जे उजेड-अंधारावर चालतं. दाब पुरेसा आणि घड्याळ जुळलेलं असलं की झोप लागते. तुम्ही प्रयत्न केले म्हणून नाही.

उलट प्रयत्नांनी काम बिघडतं. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. ‘विचार करायचा नाही’ हे तपासायला मेंदूला तोच विचार परत परत बघावा लागतो. ‘आता घाबरायचं नाही, आता झोपायचंच’ हे दोन हुकूम नेमके पांढऱ्या अस्वलासारखे आहेत.

म्हणून थेरपीत एक उलटा उपाय वापरतात. व्हिक्टर फ्रँकल या ऑस्ट्रियन डॉक्टरची ही कल्पना. अंधारात आरामात पडा, डोळे उघडे ठेवा आणि ठरवा की झोपायचं नाही, फक्त पडून राहायचं. फोन मात्र दूर. झोपेची परीक्षाच रद्द झाली की नापास होण्याची भीती जाते, आणि भीती गेली की झोपेची वाट मोकळी होते.

पॅनिक आलं त्या क्षणी काय करायचं?

एक. नाव द्या. मनात किंवा पुटपुटत म्हणा, ‘हा पॅनिक आहे. आधीही आला होता, गेला होता.’ एवढंच. गुगल उघडायचं नाही. रात्री १ वाजता ‘छातीत धडधड कारणे’ शोधलं की आजार सापडतातच.

दोन. श्वास मोठा नको, सावकाश हवा. नाकाने साधा श्वास घ्या आणि सोडताना जरा जास्त वेळ लावा. मनात चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. आकडा चुकला तरी चालेल. सावकाश श्वास सोडताना हृदयाची गती जराशी कमी होते, हे शरीराचं नेहमीचं काम आहे. पण श्वासाकडे पॅनिक मारायचं हत्यार म्हणून बघू नका, नाहीतर ‘श्वास करूनही जात नाहीये’ ही नवी भीती तयार होते.

तीन. लाट येऊ द्या. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. उठून पळू नका, पल्स बघू नका. ठोके आहेत तर असू देत. पावसात छत्री नसेल तर माणूस आडोशाला उभा राहून पाऊस ओसरायची वाट बघतो, पावसाशी भांडत नाही. अशी एक लाट काही न करता गेली की वॉचमन एक नवीन गोष्ट शिकतो: शिट्टी वाजली आणि काहीच झालं नाही. अशा पंधरा-वीस रात्रींनंतर तो शिट्टी कमी वाजवायला लागतो.

चार. लाट ओसरली पण झोप येत नाहीये, साधारण २० मिनिटं झाली असतील असं वाटलं, तर उठा. घड्याळ बघायचं नाही, अंदाजच पुरे. रिचर्ड बूटझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये ही पद्धत मांडली. अंथरुणात रोज तळमळत राहिलात तर मेंदू गादी आणि तळमळ यांची जोडी लावतो. मग गादीला पाठ टेकली की आपोआप टक्क जाग येते. ती जोडी मोडायची. मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा. मी दुसऱ्या दिवशीच्या फोडणीसाठी लसूण सोलायचो. आमच्या फ्लॅटमध्ये त्या काळात सोललेल्या लसणाचा डबा कधी रिकामा नसायचा. कपड्यांच्या घड्या घाला, जुनं मासिक चाळा. पेंग आली की परत गादीवर. परत झोप उडाली, परत उठा. पीजीत एकच खोली असेल तर खुर्चीवर बसा, तेही चालतं.

दिवसा करायच्या गोष्टी

रात्रीची लढाई दिवसा सोपी करता येते.

उठायची वेळ पक्की ठेवा, रविवारीसुद्धा. झोपायची वेळ आपल्या हातात नाही, उठायची आहे. रात्र खराब गेली म्हणून सकाळी ११ पर्यंत लोळलात किंवा दुपारी दोन तास ताणून दिली, तर झोपेचा दाब रात्रीपर्यंत साठत नाही.

चहा-कॉफीचा हिशेब करा. कॅफीन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून झोपेचा दाब जाणवत नाही. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, माणसागणिक कमीजास्त. संध्याकाळी ६ ला घेतलेल्या कॉफीचा अर्धा भाग रात्री ११ ला तुमच्यासोबत गादीवर असतो. वर कॅफीनने ठोकेही वाढू शकतात, म्हणजे पॅनिकला आयतं निमित्त. ‘दारूने तरी झोप येते’ म्हणणाऱ्यांसाठी: सुरुवातीला येते, पण उत्तररात्री ती झोप तुटक होते.

काळजीला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी १५ मिनिटं वही घेऊन बसा आणि डोक्यात जे चाललंय ते उतरवा. घराचा हप्ता, अप्रेझल, बाबांची शुगर, लग्नाचा विषय. रात्री तेच विचार आले की म्हणता येतं, ‘उद्या संध्याकाळी सहाला बघू.’ झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी केली तरी फायदा होतो. २०१८ मध्ये अमेरिकेत ५७ तरुणांवर एक प्रयोग झाला. अर्ध्यांनी उद्याच्या कामांची यादी लिहिली, अर्ध्यांनी झालेल्या कामांची. उद्याची यादी लिहिणाऱ्यांना झोप लवकर लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी आणखी लवकर. ‘ऑफिसचं काम’ असं न लिहिता ‘सकाळी १० ला त्या बगचा लॉग बघणे’ असं लिहा.

आणि धडधडीशी ओळख करून घ्या. तब्येत ठीक आहे हे डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर रोज जिने चढा, पळा, क्रिकेट खेळा. ठोके वाढतात, उतरतात, आपण ठीक असतो, हे शरीराला दिवसाउजेडी दिसू देत.

डॉक्टरकडे कधी जायचं?

एकदा तरी जाच. ‘पॅनिकच असणार’ हे घरी बसून ठरवू नका. थायरॉइड, अ‍ॅनिमिया, दमा, अ‍ॅसिडिटी, हृदयाच्या ठोक्यांमधली गडबड, या सगळ्यांत मिळतीजुळती लक्षणं दिसतात. झोपेत जोरात घोरून मग श्वास अडकल्यासारखी जाग येत असेल तर ते स्लीप अ‍ॅप्निया असू शकतं, त्याची तपासणी वेगळी. छातीत दुखणं हात, जबडा किंवा पाठीत जात असेल, चालताना दुखत असेल, चक्कर येऊन पडला असाल, तर वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा. तपासण्या एकदा नीट झाल्या की मात्र त्यांच्यावर विश्वास ठेवा, दर आठवड्याला नवीन ईसीजी नको.

तपासण्या नॉर्मल असूनही त्रास चालू असेल, किंवा रात्रीच्या भीतीने काम, अभ्यास, प्रवास अडत असेल, तर सायकॉलॉजिस्ट किंवा सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जा. पॅनिकसाठी सीबीटी नावाची थेरपी चांगली काम करते. निद्रानाशासाठी तिचाच एक प्रकार आहे, सीबीटी-आय. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं की जुनाट निद्रानाश असलेल्या मोठ्या माणसांना गोळ्यांच्या आधी हीच थेरपी द्यावी. काहींना औषधं लागतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त ती डॉक्टरांनी दिलेली हवीत. रूममेटच्या पाकिटातली अल्प्राझोलाम नको. तिची सवय लागते, मनाने बंद केली तर त्रास उलटतो, आणि दारूसोबत ती धोकादायक आहे.

पैसे किंवा ओळख नाही म्हणून अडून राहू नका. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, फोन फुकट, २४ तास चालू, मराठीतही बोलता येतं. जगायलाच नको असं वाटत असेल तर आजच, आत्ताच हा फोन करा आणि जवळच्या माणसाला उठवा. झोपमोड झाली म्हणून कोणी रागावणार नाही.

घरच्यांसाठी आणि रूममेटसाठी दोन शब्द

तुमचा मित्र रात्री उठून म्हणाला, ‘मला कसंतरी होतंय,’ तर ‘काही नाही रे, झोप’ म्हणू नका. त्याला झोपच तर येत नाहीये. तसंच, दर पाच मिनिटांनी ‘आता बरं वाटतंय का?’ असंही विचारू नका, त्याने वॉचमन परत फेरीला निघतो. बाजूला बसा. ‘मी आहे, सावकाश श्वास सोड, उतरेल हे’ एवढं पुरतं. माझा लातूरचा मित्र नंतर नंतर काहीच बोलायचा नाही. तोही येऊन लसूण सोलायला बसायचा.

आणि आई-बाबांनो, हा भाग कोणी तुम्हाला फॉरवर्ड केला असेल तर समजा की तुमच्या मुलाला किंवा मुलीला काहीतरी सांगायचंय. ‘मोबाइल बघतोस म्हणून होतं’ हे उत्तर राखून ठेवा. आधी ऐकून घ्या. मी आईला शेवटी सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘तुझ्या मामालाही व्हायचं हे. आम्हाला कळलंच नाही काय ते.’

माझं आता काय? अजूनही महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रात्री छातीत धस्स होतं. रिलीज असेल तर हमखास. फरक एवढाच की मी म्हणतो, ‘आलास का?’ आणि कूस बदलतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आज रात्रीसाठी एकच गृहपाठ देतो. वर लिहिलेलं सगळं एकदम सुरू करू नका, त्याचंही टेन्शन येईल. फक्त उद्या उठायची वेळ ठरवा, अलार्म लावा आणि फोन हात पोहोचणार नाही इतक्या लांब ठेवा. झोप लागली तर लागली. नाही लागली तर नुसते पडून राहा, तीही विश्रांतीच आहे.

पुढच्या भागात बोलू नाइट शिफ्टवाल्यांच्या झोपेबद्दल. तोपर्यंत काळजी घ्या. शुभ रात्री, मंडळी.